शेठजींच्या माथी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. शेठजी, धाकटा भाऊ केव्हाच गेले; परवा आईचं तेरावं झालं. ज्यांच्यापासून लपवायचं ते कुणी आता उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो — याला धैर्य म्हणायचं का?

लढाईची वर्षं होती. मी सांगलीत एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी. आबा, माझे वडील, मेढ्याला अंथरुणाला खिळलेले. एके सकाळी धाकटा भाऊ मला न्यायला आला, तेव्हा आम्ही हरिपूरला हळदीचं पेव उघडत होतो. जमिनीखालच्या त्या कोठाराचं तोंड मोकळं केलं, की आतली विषारी हवा निघून जाईपर्यंत कुणाला उतरू द्यायचं नसतं. ती निघून गेली, की 'उतरा' हे मीच म्हणायचो. हमाल, व्यापारी — सगळे माझ्या तोंडाकडे बघत. आणि घरी? आबांना पाणी पाजताना माझ्या हातून अर्धं उशीवर सांडायचं. आईच भांडं काढून घ्यायची.

अडतीच्या मालकांना, शेठजींना, कळलं. म्हणाले, "दिवाणजी, निघा तुम्ही. पेव काय पळून जातंय?"

भाऊ लांब झाडाखाली थांबला होता. मी त्याच्याकडे गेलो, आणि — काय सांगितलं मी?

"शेठजी सोडत न्हाईत रं. उद्या येतो."

"त्यास्नी आईबाप न्हाईत व्हय?" एवढं बोलून तो गेला.

आबा त्याच संध्याकाळी गेले. शेवटपर्यंत मला विचारत होते म्हणे.

शेठजी दुखवट्याला थेट मेढ्यापर्यंत आले. आई आतूनच म्हणाली, "आवं शेटजी, एक दिस माझ्या लेकाला सोडलं असतं, तर तुमची हळद काय काळी पडली असती व्हय?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. बोलायला तेवढाच वेळ होता — आणि तो पुष्कळ होता. मग ते खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं, आई."

त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही त्यांची नोकरी सोडली नाही. लोक माझ्या इमानाचं कौतुक करत. इमान — कुणाशी?

जाण्याआधी आईनं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "त्या शेटला म्या माफ केलं रं. मनात ठिवून जायाचं न्हाई. तूबी राग धरू नगं."

मी म्हणालो, "बरं केलंस, आई."