नुसतं पाणी

ग्लासगोला आमच्या शेजारी एक स्कॉटिश आजी एकट्या राहायच्या. रोज संध्याकाळी त्या मागच्या दाराबाहेर बादलीभर पाणी ठेवायच्या आणि सकाळी बादली अर्धी झालेली असायची. "कोल्हे पितात," माझा नवरा म्हणायचा. त्याच्याकडे सगळ्याला उत्तर असतं.

हिपच्या ऑपरेशनला जाताना आजींनी ती बादली माझ्याकडे सोपवली आणि हकिकत सांगितली. त्यांचे पणजोबा तरुणपणी अमेरिकेला गेले आणि तिथल्या यादवी युद्धात घोडदळात लढले. एका जखमी अधिकाऱ्याला गोळीबारातून आणताना वाटेत घोडा कोसळला. पणजोबांनी त्या माणसाला पाठुंगळी घेऊन छावणी गाठली, म्हणून शौर्यपदक मिळालं. घोडा मात्र मागे पाण्यासाठी खिंकाळत राहिला, आणि परत जायची परवानगी त्यांना मिळाली नाही. ग्लासगोला येऊन त्यांनी कोळशाची गाडी हाकली, पण कायम घोड्याशेजारून चालत. पुन्हा कधी घोड्यावर बसले नाहीत. पदक कपाटात गेलं आणि दाराशी बादली आली.

"आता घरात मी शेवटची," आजी म्हणाल्या. "त्या घोड्याला पुन्हा एकटं टाकायचं नाही. नुसतं पाणी ठेव, बाकी काही नको."

मला ते पटेना. लांबून दमून आलेल्याला आपण नुसतं पाणी देतो का कधी? मी बादलीशेजारी गुळाचा खडा ठेवला. सकाळी खडा नव्हता. पुढच्या सकाळी आजींच्या दारातली बादली काठोकाठ भरलेली, आणि पाऊस नसताना आमची पायरी ओली. स्वयंपाकघरात घामेजलेल्या चामड्याचा वास येत होता. मी खरंच घाबरले.

हॉस्पिटलमध्ये मी तोंड उघडायच्या आत आजींनी विचारलं, "त्याला खायला काय घातलंस?"

"गूळ. आमच्याकडे पाण्याबरोबर देतात."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. "मग तो तुझ्याकडे राहील. माझ्यामागे त्याचं कसं होणार, हीच काळजी होती." त्या घरी परत आल्याच नाहीत.

पुढे नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही पार दक्षिण इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आलो. इतक्या लांब कोण येतंय, म्हणून बादली मी मुद्दाम खोक्यातच ठेवली. संध्याकाळी चहा उकळत असताना मागच्या दाराबाहेर कोणीतरी जोरजोरात धापा टाकू लागलं. मी नवऱ्याकडे पाहिलं.

उठून त्याने खोकं उघडलं आणि बादली नळाखाली धरली.