अर्धी गोळी सरुबाईची

आमच्या बेडशाच्या आळीत शालूबाईइतकी हट्टी बाई दुसरी नाही. घरातलं कालवण शेजारी गेल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तेवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण बाईनं बीपीची गोळीही वाटून घेतली.

सरकारी दवाखान्यात बीपीची तपासणी मंगळवारी असते. शालूबाईला तिथंच गोळ्या फुकट मिळतात, पण माणूस समोर लागतो. शेजारची सरुबाई धरणाकडच्या एका बंगल्यावर कामाला. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की मंगळवारी तिथं चादरींचा ढीग पडतो. खाडा झाला तर मालक दुसरी बाई बघणार. खासगी डॉक्टर परवडत नाही. डोकं मात्र दोघींचं सारखंच ठणकायचं. शेवटी शालूबाईनं अडकित्ता काढला आणि रोज गोळीचे दोन तुकडे करू लागली.

मी रागावलो, तर मलाच म्हणाली, "मग मधी रेघ कशापायी दिलीया? वाटून खायालाच की!"

अर्ध्या गोळीनं तिचं बीपी काही उतरेना. डॉक्टरांना काय ठाऊक? त्यांनी जास्त ताकदीची गोळी दिली. त्यातच बंगल्याची रंगरंगोटी निघाली आणि सरुबाई लेकीकडे इंदुरीला गेली. तुकडा वाया नको म्हणून शालूबाई अख्खी गोळी घेऊ लागली, आणि भात झोडताना चक्कर येऊन पडली. तिचा मुलगा बजरंग आणि मी तिला दवाखान्यात नेलं. तिथं चैताली सिस्टरनं गोड बोलून सगळं काढून घेतलं.

"आजी, त्या बाईचं बीपी कधी मोजलंय तरी का?"

"न्हाई. ती येनार कशी?"

"मग तिला गोळी कुणी सांगितली? काही झालं असतं म्हणजे?"

मला चैतालीचा राग आला. बोलत होती ते मात्र खरं होतं.

सरुबाई परतली, बंगला सुरू झाला. त्या मंगळवारी शालूबाई पदर खोचून माझ्या गाडीवर येऊन बसली आणि बंगल्याकडे चल म्हणाली. फाटकावर तिथल्या राखणदारानं, प्रदीपनं अडवलं.

"तुमी कोन? सरुबाई कुटंय?"

"तिच्या जागी मी."

"मालकाला चालनार न्हाई, मावशी."

"मालकाला सांजच्याला धुतल्याल्या चादरी दाव," शालूबाई आत शिरत म्हणाली. "सरुबाईचा आज दवाखान्यात नंबर लागलाय."