शुक्रवारी पाणी येणार होतं

नसरीनचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पाइप होता. "पाणी आलंय गं, मग करते," म्हणाले आणि फोन ओट्यावर पालथा ठेवून दिला. आमच्या शुक्रवार पेठेत पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तासभर टिकलं तर नशीब, आणि त्या तासात कुणाचं लग्न ठरो की मोडो, सोलापूरचा माणूस नळ सोडून उठत नाही. माझी टाकी, हंडे, घागरी भरून झाल्या. मग पाइप ओढत बोळात नेला आणि शमीमच्या दारासमोरचं निळं पिंप भरायला लावलं. ती दवाखान्यात होती. आज-उद्या घरी आणू, असं तिची मुलगी नसरीन आदल्याच दिवशी म्हणाली होती, आणि आजारी माणूस घरी यायचं तर घरात पाणी नको? पिंप काठोकाठ भरलं, झाकण फडक्यानं पुसलं, आणि मग निवांत फोन लावला. "बाई, अम्मी गेली," नसरीन म्हणाली. कधी गं, विचारलं. "मगाशी तुमाला फोन केला ना, त्याच्या जरा आधी." म्हणजे तिच्यासाठी म्हणून मी पिंप भरायला घेतलं तेव्हा ती नव्हतीच... माझ्यापुरती ती चाळीस मिनिटं जास्त जगली, आणि तीही मी नळाशी घालवली.

शमीम माझी शेजारीण. मैत्रीण हा शब्द आम्ही दोघींनी कधी वापरला नाही. मी शाळेतली बाई आणि ती गाऊन-परकर शिवणारी, तिनं मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हटलं. बावीस वर्षांपूर्वी ती समोरच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि पहिल्याच पाण्याच्या दिवशी आमचं भांडण झालं. दोन घरांत मिळून एकच नळ. आधी माझं, मग तुझं, असं मी तिला शाळेतल्या आवाजात बजावलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नळाला काय तुमचं नाव लिवलंय का बाई?" साठ पोरांचा वर्ग जिच्यापुढे चिडीचूप बसतो ती मी, माझी घागर उचलून घरात आले. पुढच्या खेपेला शाळेतून यायला मला उशीर झाला. पाणी येऊन गेलं असणार म्हणून कपाळाला हात लावत बोळात शिरले, तर माझ्या दारापुढे माझीच घागर, हंडा, बादली भरून ओळीनं ठेवलेली आणि ती मशीनवर खाली मान घालून बसलेली, जसं काही झालंच नाही. त्यानंतर कुणाचं आधी हा प्रश्न आमच्यात उरला नाही. तिचा कान फार तिखट होता. नळातून नुसती हवा फुसफुसायला लागली की मशीन थांबवून ओरडायची, "आलं बाई, आलं!" आणि त्या हाकेवर अख्खा बोळ भांडी घेऊन बाहेर यायचा. मला ती पाठीमागे 'टाइमटेबलबाई' म्हणायची. पाठीमागे म्हणजे, मला ऐकू जाईल इतक्याच पाठीमागे.

तिचा नवरा ट्रकवर होता. चिंचोळी एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचा माल घेऊन मंगळूरकडे जायचा आणि आला की समुद्राच्या गोष्टी सांगायचा. रस्ता समुद्राला इतका लागून जातो, की लाट मनात आणील तर ट्रकचं चाक धुऊन जाईल. एकदा तुला केबिनमध्ये बसवून नेतो, असं त्यानं तिला शंभरदा सांगितलं असेल. तो गेला, नसरीनचं लग्न होऊन ती गुलबर्ग्याला गेली, मुलगा पुण्याला लागला, आणि समुद्राचं तेवढं राहूनच गेलं. समुद्र म्हणजे तिच्या मनात काय होतं कुणास ठाऊक! मला एकदा म्हणाली होती, "एकदा पायाला लागू दे बाई, बास. बघायचं काय, टीव्हीत पन दिसतोय की."

गेल्या वर्षी तिच्या पोटात कॅन्सर निघाला. तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. त्या औषधाचा एक चमत्कारिक त्रास होता : गार वस्तूला हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की इंजेक्शननंतर आठ-दहा दिवस गार पाण्यापासून जपा. तेव्हापासून तिच्या घरचं पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं. थंडीत माझ्या मुलानं मला एका गावाची बातमी दिली. मंगळूरच्या अलीकडे, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवरचं निवांत गाव; एका बाईंनी आपल्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या; शेजारच्या किनाऱ्यांवर लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोक येतात, बाकी सगळी शांतता. आई, आठवडाभर जाऊन ये, म्हणाला. मी म्हटलं, शमीम येणार असेल तर जाईन. डॉक्टरांनी जपून जायला परवानगी दिली आणि तारखा मी ठरवल्या. कशा ठरवल्या तेही सांगून टाकते. कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांना मी लाल गोल करते. रविवारी पाणी भरून निघायचं, पुढचं पाणी शुक्रवारी, म्हणजे शुक्रवारी सकाळी परत. खोली शनिवारपर्यंत घेतलेली होती तरीही. शमीमच्या इंजेक्शनचे दहा दिवस कधी पुरे होतात, हे मी त्या कॅलेंडरवर बघितलंच नाही.

पोचलो त्या संध्याकाळी मी साडी वर खोचून घोटाभर पाण्यात गेले. ती मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पायांत लोकरीचे मोजे आणि वर कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. "गार हाय का हो?" तिनं ओरडून विचारलं. "नाही गं, कोमट आहे." खरंच कोमट होतं, अंघोळीला काढून ठेवल्यासारखं. "मग मी येऊ की!" म्हणून ती उठलीसुद्धा. आणि मी पाण्यातूनच बोट वर केलं. "दहा दिवस म्हणजे दहा दिवस." ती बसली. बावीस वर्षांपूर्वी कमरेवर हात ठेवून भांडलेली बाई एका शब्दानं न भांडता खाली बसली. आजारानं तिला तेवढं मऊ केलं होतं, आणि मला वाटलं, माझा शब्द राखला.

पुढचे दोन दिवस आमचा तोच क्रम. सकाळी सुमतीअक्का, म्हणजे त्या घरच्या मालकीणबाई, नीर डोसे करायच्या. माझं माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे मोडकंतोडकं का होईना मी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायची, आणि शमीम खुणांनी बोलूनही माझ्यापेक्षा जास्त माहिती काढायची. दुसऱ्या दिवशी तर तिनं अक्कांच्या गाऊनची उसवलेली बाही शिवून दिली. मग आम्ही खुर्च्या घेऊन किनाऱ्यावर. दूर पाण्यात फळीवर बसलेल्या मुलामुलींकडे ती तासन्‌तास बघायची. मला वाटायचं, ही मंडळी सारखी लाटांवरून घसरत येत असतील. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त वेळ ती नुसती फळीवर बसून असायची, तोंडं समुद्राकडे करून. "आपल्यावानीच हायेत की बाई," शमीम म्हणाली. "पान्याची वाट बघत बसल्यात." मग त्यातली एखादी लाट हेरून उठली की हिला खुर्चीत राहवायचं नाही. "आलं, आलं!" म्हणून ओरडायची, अगदी आमच्या बोळातल्यासारखी, आणि एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार? पण ती ओरडायची. ती मला शेवटची सुखात दिसली ती तिथे.

गुरुवारी सकाळी मी बॅग भरायला घेतली. ती दारात उभी राहिली, बोटं मोजत. "बाई, उद्याच्याला दहा होत्यात."

"कसले?"

"इंजेक्शनचे. उद्या मी पाण्यात उतरते की. एक दिस राहू. खोली शनवारपत्तूर हायच म्हनं."

"उद्या पाणी आहे," मी म्हणाले.

यावर सोलापूरबाहेरचा माणूस हसेल. पण आमच्यात हे वाक्य म्हणजे शेवटचं. त्याच्यापुढे वाद नसतो. एकदा पाणी चुकलं की पुढचे चार-पाच दिवस दारोदार घागर मागायची. किल्ली कुणाकडे देऊन ठेवावी, बोळातल्या एखादीला भरून ठेवायला सांगावं, हे मला सुचलं नाही असं नाही. मला ते आवडलं नाही. वर मी तिलाच ऐकवलं, "शिळं पाणी तुला चालणार आहे का? ताजं भरून, उकळून द्यायला नको? तुझ्यासाठीच चाललेय मी." ती हसली. समुद्राकडे बघून म्हणाली, "एवढं पानी सोडून चाललो बाई आपन, घागरभर पान्यासाठी." मी म्हटलं, पुढच्या खेपेला. रिक्षा यायच्या आधी ती एकटीच खाली गेली. ओली वाळू सुरू होते तिथपर्यंत जाऊन बूट-मोज्यांसकट उभी राहिली. एक लाट आली आणि दोन हातांवरून परत गेली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात केला, रिक्षा आली म्हणून.

शुक्रवारी सकाळी दहाच्या आत आम्ही घरी. मी चहासुद्धा न घेता घागरी विसळून बोळात मांडल्या आणि समोरून कुणीतरी म्हणालं, "बाई, पाणी आज नाही. कुठं तरी लाइन फुटलीय. उद्या."

मी पायरीवरच बसले. हात रिकाम्या घागरीच्या काठावर. शमीम तिच्या उंबऱ्यात आली, सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला आणि खोकला येईपर्यंत हसली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "जाऊ द्या बाई. समिंदर कुटं पळून चाललाय?" तिनं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. नळाला तुमचं नाव लिवलंय का म्हणणारी ती, समुद्राला कुणाचं नाव लिवलंय असं तिनं मला विचारायला हवं होतं.

पुढचं इंजेक्शन झालं आणि ताप चढला तो उतरेना. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, बरी हो, लगेच जाऊ, पाण्याचा दिवस गेला खड्ड्यात. तिनं डोळे न उघडता ओठ हलवले. "खोटं नका बोलू. लाल गोल बघूनच तिकीट काढाल तुमी." मी रडले तर तिनं माझा हात चाचपून धरला. माझा हात गार होता, तिला टोचलं असणार. पण तिनं सोडला नाही.

ती गेली त्या दिवशी दुपारी तिला घरी आणलं. आतल्या खोलीत बायका तिला शेवटची अंघोळ घालणार होत्या. नसरीनची मावशी बाहेर आली आणि पाणी कुठून घेऊ विचारायला लागली. मी निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं. सकाळीच भरलंय, म्हटलं. "जरा ऊन करून देता का, बाई? लई गरम नको." माझ्याच गॅसवर, माझ्याच पातेल्यात मी ते तापवलं. बोट बुडवून बघितलं. कोमट झालं होतं. मला ते पाणी ओळखता आलं... अगदी तेवढंच होतं ते. पातेलं आत देताना निम्मं माझ्याच पायांवर सांडलं. काय बिघडलं असतं, देवा, त्या संध्याकाळी चार पावलं तिला येऊ दिलं असतं तर? कोमट होतं. मी स्वतः त्यात उभी होते. मला माहीत होतं. लोक म्हणतात, तुम्ही किती केलंत तिचं. मला ते ऐकवत नाही. मला कुणाची माफीही नको आहे, मला तो शुक्रवार हवा आहे आणि तो कुणी देऊ शकत नाही.

पिंपात अजून निम्मं पाणी आहे. आमच्याकडे ताजं पाणी आलं की आधीचं शिळं म्हणून ओतून टाकतात. आयुष्यभर मी तेच करत आले. तेवढं एक पिंप मी ओतलेलं नाही. डासांच्या तपासणीला येणारी मुलगी परवा झाकण उघडून बघायला लागली, तर मी तिला सांगितलं, कालच भरलंय. शाळेत पोरांना खोटं बोलण्यावरून मी उठाबशा काढायला लावायची. पुढच्या आठवड्यात शमीमचा चाळिसावा आहे. त्यानंतर नसरीन खोल्या रिकाम्या करून देणार, आणि पिंपही जाईल.

आज पाण्याचा दिवस होता. नळ फुसफुसला, पण हाक आली नाही, म्हणून बोळातल्या बायका उशिराच बाहेर आल्या. माझं भरून झाल्यावर मी तिच्या पिंपाचं झाकण काढलं. आज तरी ओतावं, असं ठरवूनच. आधी हात घालून बघितला. पाणी गार होतं, आणि हात आपोआप मागे आला. हे शमीमला चालणार नाही, मनात आलं, दहा दिवस व्हायचेत अजून... मी झाकण लावून बोळातच उभी राहिले, आणि मग बोटांवर मोजायला लागले. दहा दिवस केव्हाच होऊन गेले होते.