फुलाबाईंचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम

मंचरला हायवेपासून थोडं आत, बटाट्याच्या वखारींच्या मागच्या बाजूला आमचं कॉलेज होतं. मी तिथं हेडक्लार्क. नोकरीत माझ्या हातून किती प्रस्ताव विद्यापीठात गेले याचा मी कधी हिशेब ठेवला नाही. एक मात्र पानापानासकट आठवतो. तो फुलाबाईंनी लिहिला होता आणि मी टाईप केला होता.

फुलाबाई मूळच्या आळ्याच्या. त्यांच्या वडिलांनी सत्तावन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पोरींना शाळेतून काढायचं नाही हे घरात ठरलं. तरी दहावी झाल्या झाल्या बाईंचं लग्न झालं. नवरा हनुमंत, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांची बदली पार पश्चिमेला, घाटघरला झाली, तशा बाईही मागोमाग तिथं राहायला गेल्या. एका संस्थेनं गावात बालवाडी काढायची ठरवली आणि मास्तरांची बायको शिकलेली म्हणून तीच जबाबदारी तिच्या गळ्यात टाकली. जुन्नरला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं. आठ गाणी, चार खेळ, खिचडी किती शिजवायची आणि रजिस्टर कसं भरायचं. एवढ्यावर त्या चोवीस पोरांच्या ताई झाल्या.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. बालवाडी शाळेच्या पडवीत भरायची. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं आणि खडीचे ढीग टाकलेले होते. पोरांत आरती नावाची चार वर्षांची एक मुलगी होती, ठकूबाई नावाच्या बाईची. ती गाण्यात यायची नाही, नाव घेतलं तरी बघायची नाही, स्वतःच्याच नादात असायची. बाई रोज संध्याकाळी पोरांबद्दल वहीत लिहायच्या. आरतीपुढं त्यांनी आठ वेळा एकच शब्द लिहिला होता, हट्टी.

त्या दिवशी सगळी पोरं गोल करून बसली होती आणि आरती मधूनच उठून दुसऱ्यांच्या पाट्या ओढत होती. बाईंनी तीनदा हाक मारली. शेवटी चिडून तिचा दंड धरला, तिला पडवीच्या बाहेर पायरीवर बसवलं आणि म्हणाल्या, "ऐकायचं नसंल तर बस इथंच." आत येऊन त्यांनी गाणं पुन्हा सुरू केलं.

आरती पायरीवर बसली नाही. खडीच्या ढिगाकडं गेली. तेवढ्यात खडीचा ट्रक मागं यायला लागला. क्लीनर ओरडला, रस्त्यावरच्या बायका ओरडल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाई धावत दारात आल्या आणि त्यांनी पाहिलं की एवढ्या ओरड्यातही पोरीनं मान वळवली नाही. पाठमोरी बसून ती खडे वेचत होती.

पंचनामा झाला, ड्रायव्हरवर केस झाली. बाईंना कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्या ठकूबाईच्या घरी गेल्या. ठकूबाई चुलीपाशी बसली होती. तीच म्हणाली, "तिला ऐकाया कमीच येत व्हतं, ताई. पाठीमागं हंडा पडला तरी दचकायची न्हाई."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई," ठकूबाई म्हणाली. "आन मला वाटलं, तुमी शिकल्यात. तुमाला कळलं आसंल."

बालवाडी पुढं दोन वर्षं चालली, पण त्यानंतर बाईंनी एकाही पोराला बाहेर बसवलं नाही. रात्री मुलांची वह्या-पुस्तकं आवरली की त्या स्वतःचं पुस्तक काढायच्या. बाहेरून बारावी केली, मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, मग समाजशास्त्रात एम.ए. बालशिक्षणात करायचं होतं, पण तिथून जाऊन-येऊन करता येईल असं ते कुठं नव्हतंच. मास्तरांची बदली परत आळ्याला झाली. आमच्या कॉलेजनं बालवाडी शिक्षिकांचा एक वर्षाचा कोर्स काढला, तेव्हा दोन हजार दोन साली त्या शिकवायला आल्या. रोज आळेफाट्यावरून एसटीनं यायच्या. कॉलेजात बाकी सगळ्या 'मॅडम' होत्या. त्या एकट्या पहिल्यापासून फुलाबाईच राहिल्या, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात हातानं लिहिलेली चौसष्ट पानं होती.

"सयाजीभाऊ, हे टाईप करून द्याल?"

वर शीर्षक होतं, 'बालशिक्षण विषयातील पाच वर्षांचा एकत्रित पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम'. बारावीनंतर प्रवेश. तीन वर्षांनी बी.ए. घेऊन थांबता येईल, पाच वर्षं पुरी केली तर एम.ए. पहिल्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस अंगणवाडीत. दुसऱ्या वर्षी प्रत्येक मुलीनं एकच मूल निवडून वर्षभर त्याच्याकडं नुसतं बघायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. मत लिहायचं नाही. तिसऱ्या वर्षी कान, डोळे, वजन, घरची बोली. शेवटच्या वर्षी आहुप्यापासून घाटघरापर्यंत डोंगरातल्या कुठल्याही एका गावात मुक्काम करून प्रबंध. मी बरेच अभ्यासक्रम टाईप केले होते. बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले असायचे. हा तसा नव्हता.

'गरज' या मथळ्याखाली पहिलंच वाक्य होतं, 'न ऐकणारे मूल आणि ऐकू न येणारे मूल यांतला फरक पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात कळत नाही.' मी विचारलं, "बाई, हे असं थेट लिहितात का प्रस्तावात?" तेव्हा त्यांनी मला आरतीची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज अगदी सपाट होता. मी खाली मान घालून टाईप करत राहिलो.

अभ्यासक्रमाला मुली मिळणार नाहीत असं कुणी म्हणू नये म्हणून बाई सुट्टीच्या दिवशी डिंभ्याच्या धरणापलीकडं, आहुप्यापर्यंत एसटीनं आणि पुढं पायी हिंडल्या. एकेचाळीस मुलींची संमतिपत्रं आणली. काहींच्या आयांनी अंगठे उठवले होते. ती सगळी प्रस्तावाला जोडली.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत प्रस्ताव आला. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होतो. अध्यक्ष हौशीरामअण्णा, मोठे बागायतदार, माणूस तसा दुष्ट नव्हता. शीर्षक वाचून ते हसले.

"फुलाबाई, डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागत्यात. आन पोरांना गाणी म्हणायला पाच? आमच्या आया काय एम.ए. झाल्या व्हत्या का?"

सगळे हसले. बाई उभ्याच होत्या. त्यांनी हातातले कागद टेबलावर ठेवले आणि घाटघरची गोष्ट सांगितली. वहीत आठ वेळा काय लिहिलं होतं तेही सांगितलं. हौशीरामअण्णांनी प्रस्ताव पुन्हा जवळ ओढला. मला वाटलं, आता जमलं.

मग एक संचालक सावळेराम खुर्चीत सरसावून म्हणाले, "थांबा राव. म्हंजे तुमच्या हातनं पोर गेली, आन तुमी पोरं कशी सांभाळायची ते आमाला शिकवणार?"

बाई टेबलावरचे कागद गोळा करायला लागल्या. प्राचार्यांनी पुढचा विषय घेतला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'चर्चा झाली. विषय तहकूब.'

बैठकीतली गोष्ट आठवड्यात मंचरभर झाली. कॉलेजच्या आवारात एक छोटी बालवाडी होती, कोर्सच्या मुलींना सरावासाठी. तिथून दोघा-तिघांनी आपली पोरं काढून घेतली. एका पालकानं प्राचार्यांना येऊन विचारलं, "ती घाटघरची बाई अजून हाय का तिथं?" बाईंना बालवाडीत जायला बंदी झाली. वर्गात फळ्यावर शिकवायचं, पोरांजवळ जायचं नाही, अशी तोंडी सूचना. ती सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडं आलं. त्या म्हणाल्या, "बरं." दुपारच्या सुट्टीत पोरं डबे खायला अंगणात यायची, तेव्हा बाई स्टाफरूमची खिडकी लावून घ्यायच्या.

आणि मग सहा महिन्यांनी प्राचार्यांनी तोच प्रस्ताव मागितला.

मी फाईल घेऊन गेलो. ते म्हणाले, "सयाजी, आपल्याला कॉम्प्युटरचा कोर्स पाहिजे. नुसता तेवढा पाठवला तर फाईल पडून राहील. हा बायकांचा, आदिवासी भागाचा, दिसायला बरा आहे. दोन्ही जोडून पाठवू. समिती एका फेरीत दोन्ही बघून जाईल."

विद्यापीठाचं नियमांचं परिपत्रक माझ्याकडंच असायचं. त्यात कलम स्पष्ट होतं. पदव्युत्तर वर्ग सुरू करायला त्याच विषयात पदव्युत्तर झालेले किमान दोन पूर्णवेळ शिक्षक हवेत. बालशिक्षणात एम.ए. झालेलं माणूस आमच्या आणि जुन्नरच्या, दोन्ही तालुक्यांत एक नव्हतं. खुद्द बाईंचं एम.ए. समाजशास्त्रातलं. मी ते प्राचार्यांना दाखवलं.

"माहितीय मला," ते म्हणाले. "बाईंना सांगू नकोस. उगाच हिरमुसतील."

मी सांगितलं नाही.

प्रस्ताव मंजुरीसाठी पाठवतोय असं बाईंना कळलं, तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळ्या हसल्या. पुन्हा कामाला लागल्या. चौसष्ट पानांची ऐंशी झाली. त्यांची मुलगी स्वप्ना पुण्यात इंजिनिअरिंगला होती. ती एकदा कॉलेजवर आली होती. आईसाठी थांबली असताना मला म्हणाली, "काका, आईला समजवा ना. बाबा म्हणतात ती झोपेतसुद्धा विषयांची नावं बोलते. यातनं काही होणारे का खरंच?" मी म्हणालो, "बघू की."

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत समिती आली. तिघं जण. कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांनी दीड तास घालवला, मशिनं चालू करून पाहिली. मग जेवण झालं. बाईंनी त्यांच्या वर्गात भिंतीवर तक्ते लावले होते, ऐंशी पानांच्या तीन प्रती कव्हर घालून टेबलावर ठेवल्या होत्या. कोर्सच्या मुली धुतलेल्या साड्या नेसून उभ्या होत्या. समितीचे अध्यक्ष दारातूनच म्हणाले, "शिक्षक कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुमचं एम.ए. कशात?"

"समाजशास्त्रात, सर."

"मग बालशिक्षणातले दोन कुठायत?"

बाईंनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य माझ्याकडं पाहायला लागले. मी हातातली फाईल उघडून कागद शोधल्यासारखं केलं. बाई म्हणाल्या, "सर, ते या अभ्यासक्रमातूनच तयार होतील. आत्ता कुठंच नाहीत, म्हणून तर..."

"ते बरोबर आहे हो," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, कीवच होती. "पण नियम असा आहे." समितीतल्या एका मॅडमनी वरच्या प्रतीचं पहिलं पान उलटलं, घड्याळात पाहिलं आणि प्रत परत ठेवली.

जूनमध्ये पत्र आलं. कॉम्प्युटरचा कोर्स मंजूर, बालशिक्षणाचा नामंजूर, कारण 'पात्र अध्यापकांची अनुपलब्धता'. कॉम्प्युटरला मोठी खोली लागत होती. बाईंचा वर्ग त्यात गेला. पुढच्या वर्षी एक वर्षाच्या कोर्सला अकराच मुली आल्या आणि संस्थेनं तोही बंद केला. बाईंना निरोप समारंभ वगैरे झाला नाही, कारण त्या कायम नव्हत्या. त्या एकेचाळीस मुलींना काय कळवायचं, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, कॉलेजकडून पत्रं जातील. गेली नाहीत.

दोन हजार आठच्या थंडीत मी कामानं आळ्याला गेलो होतो. पावणेतीन-तीनचा सुमार असेल. बाईंच्या घरी डोकावलो. हनुमंत मास्तर निवृत्त होऊन शेतात असायचे. बाई ओट्यावर कांद्याचं रोप निवडत बसल्या होत्या. केस एकदम पिकले होते. मला पाहून म्हणाल्या, "या भाऊ, बसा." कॉलेजची चौकशी केली, माझ्या पोरांची केली. स्वप्ना बंगळूरला होती.

मला ते पोटात ठेवून उठवेना. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ते दोन शिक्षकांचं कलम, ते मला आधीपासून माहीत होतं."

त्यांचे हात थांबले. "कधीपासनं?"

"पाठवायच्या आधीपासून. प्राचार्यांनाही होतं. कॉम्प्युटरच्या फाईलला जोड पाहिजे होती."

त्यांनी जुडीतलं एक किडकं रोप काढून बाजूला टाकलं. रडतील असं मला वाटलं, नाहीतर ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तसं काही झालं नाही. कॉलेजात त्या नेहमी पुस्तकी बोलायच्या. आता बोलल्या त्या घरच्या बोलीत.

"समितीतल्या कुनी वाचला व्हता का वो? पुरता?"

"नाही."

"हौशीरामअण्णांनी? प्राचार्यांनी?"

"नाही, बाई."

"मंग कुनीच न्हाई वाचला."

"मी वाचला," मी म्हणालो. "दोनदा टाईप केला ना. सगळा वाचला."

त्यांनी मान वर केली. "कसा वाटला?"

एवढ्या वर्षांनी हे त्यांना विचारावं लागत होतं, आणि तेही मला. मी म्हणालो, "चांगला होता, बाई. लई चांगला होता. माझ्या हातून त्याच्यासारखा दुसरा गेला नाही."

"मंग त्येवढं तवा का न्हाई सांगितलं, भाऊ? त्या मीटिंगमधी तुमी बसलेलाच व्हता की."

बाईंनी निवडलेली जुडी बाजूला ठेवली आणि दुसरी हातात घेतली. मी चपला घातल्या आणि निघालो. त्यांनी थांबा म्हटलं नाही.