लेकानं स्वतःला लावलेलं नाव

माझा मुलगा आपल्या पोरीला हात लावत नव्हता. ते काही लपून नव्हतं, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. सून पहिलं बाळंतपण माहेरी करून पोळ्यानंतर घरी आली, तेव्हा पहिले पंधरा दिवस हा बाबा पोरीला खाली ठेवायला तयार नव्हता. छातीवर घेऊन झोपायचा. सून म्हणायची, मले तं दूध पाजापुरतीच देते. आणि मग एक दिवस अचानक त्याचं सगळं बंद झालं. तिरोड्याच्या पॉवर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे तो इलेक्ट्रिशियन आहे. घरी आला की म्हणायचा अंगावर राख आहे, आंघोळ करायची आहे. आंघोळ झाली की जेवायचं आहे. जेवण झालं की झोप. पुढे पुढे तर दुसऱ्याच्या ड्यूट्या मागून घ्यायला लागला.

गावानं अर्थ लावला तो एकच. पोरगी झाली म्हणून नाक मुरडून राहिला. मलाही तेच वाटलं, दुसरं काय वाटणार? मी एकदा ताट त्याच्यासमोर आपटून म्हटलं, तुझी मायही कोणाची पोरगीच होती बाबू, तिच्या हातचं मात्र दोन टाइम गिळतोस. तो भात चिवडत बसला.

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गावात दंडारीच्या नाचगाण्याचा मंडप पडतो, जिलेबीची दुकानं लागतात, आणि लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे येतात. सगळे आलेलेच असतात म्हणून सोयरिकीच्या गोष्टी, रुसवेफुगवे, जुनी गाऱ्हाणी, सारं त्याच दिवशी अंगणात खुर्च्या टाकून निपटवतात. आमच्या मंडईला माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, सोबत दोन वडीलधारी माणसं घेऊन आले, तेव्हाच मी समजले की हे जिलेबी खायला आलेले नाहीत.

व्याही माणूस चांगला. चहा झाल्यावर शांतपणे बोलले, की जावईबापू, पोरगी झाली हा आमच्या पोरीचा गुन्हा असेल तर तसं सांगा. मुलगा खाली मान घालून बसलेला. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला. सगळ्यांसमोर पोरीला बापाच्या मांडीवर द्या, बापानं तिच्या कपाळाला कुंकू लावावं, म्हणजे गावाचंही तोंड बंद. मला पटलं. मीच कुंकवाचा करंडा आणून दिला.

व्याह्यांनी पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि हा असा उठला की खुर्ची मागे उलटली. पोरगी त्यांनीच वरच्यावर झेलली म्हणून बरं, नाही तर खाली फरशी होती. याचं तोंड पांढरं पडलेलं, हात अंगापासून लांब धरलेले. मागच्या वाडीतून तो धानाच्या बांध्यांकडे निघून गेला. व्याह्यांनी लेकीला कपडे भरायला सांगितलं. मला म्हणाले, पोरीले बाप मिळेल त्या दिवशी घेऊन जाजा. मी कोणत्या तोंडानं अडवणार होते?

मी त्याच्या मागे गेले ती त्याचं थोबाड फोडायलाच. धान कापून पुंजणं रचलेलं होतं, त्याच्या आडोशाला तो बसला होता. मी लांबूनच सुरू झाले. बापाचं नाव काढलं, कुळाचं काढलं, जे तोंडाला आलं ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं झालं नेली, माय. माझ्यापासून दूरच राहू दे तिले.”

मी म्हटलं, काऊन? काय केलं त्या जिवानं तुझं?

“तिनं नाही. मीच तसा आहे. पेपरात येते ना, लहान लेकरांच्या बाबतीत... त्यातला.”

मी खाली बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात जन्म घालवला. नको असलेला स्पर्श कसा ओळखायचा, ओरडायचं कसं, कोणाला सांगायचं, हे मी वर्गातल्या पोरींना बाहुली हातात धरून शिकवलेलं आहे. तो पाठ शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस असायचा त्याला चेहरा नव्हता. आता चेहरा समोर बसला होता, आणि तो मी माझ्या दुधावर वाढवलेला होता.

शेवटी एवढंच विचारलं, “तू काही केलं?”

“नाही.”

“मग?”

“करीन तं?”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? नात व्याह्यांच्या गाडीत बसून गेली, सुटली. आईच्या मनात पोटच्या पोराबद्दल असं यावं! मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला त्याचे हात दिसत होते, फक्त हात.

मग त्यानं हळूहळू सांगितलं. पोरगी छातीवर झोपली होती, हा मोबाइल पाहत होता. कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला पकडल्याची बातमी आली. वाचता वाचता मनात आलं, तोही कोणाचा बापच असेल. आपणही तसेच असलो तर? बस्स. त्या क्षणापासून तो विचार गेलाच नाही. ढकलला की दुप्पट जोरानं यायचा. मग हा मोबाइलवर असल्या माणसांच्या आजाराबद्दल वाचत सुटला. त्याची लक्षणं याला पाठ. अंगणवाडीसमोरून जाणं सोडलं, मागच्या पांदणीनं जायचा. रस्त्यात लेकरू दिसलं की आपल्या मनात काय होऊन राहिलं ते तपासायचा, आणि तपासून तपासून आणखी घाबरायचा. जगावंसं वाटत नाही म्हणाला. हे ऐकलं आणि मी त्याचं मनगट धरलं. ज्या हातांकडे पाहून मला धडकी भरली होती, तेच. घरी येईपर्यंत सोडलं नाही.

मी नोकरीत असताना आमचं एक प्रशिक्षण झालं होतं, बालसुरक्षेचं. तिथं बोलायला गोंदियाच्या एक सायकॉलॉजिस्ट मॅडम आल्या होत्या. गोंदियात बसतात म्हणजे बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मुलाला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आधी त्यांनी मला बाहेर काढलं. दार बंद करून त्याच्याशी खूप वेळ बोलल्या. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. शेजारी एक बाई शेंगदाण्याची पुडी पुढे करत होती, घ्या ना घ्या ना, आणि मला तिचा असा राग आला की काय सांगू. त्या दिवशी जगात कोणी शेंगदाणे खात असेल हेच मला पटत नव्हतं.

पुढल्या भेटीतही तसंच झालं. एका भेटीत शिक्का मारत नाही, म्हणाल्या. नंतर त्याची परवानगी घेऊन मला आत बोलावलं.

माझ्या डोक्यात एकच डबा होता, नराधमांचा. आत टाकायचं आणि झाकण लावायचं. मॅडमनी तो डबा माझ्यासमोर फोडला. म्हणाल्या, वयात न आलेल्या लेकरांकडे लैंगिक ओढ असणं, ती निदान सहा महिने टिकून असणं, ही एक गोष्ट. माणूस स्वतः निदान सोळाचा हवा आणि लेकरापेक्षा पाच वर्षांनी तरी मोठा. त्या ओढीपायी तो तसं वागला, किंवा त्या ओढीनंच त्याचं जगणं अवघड झालं, तर तो आजार. आणि लेकराला हात लावणं हा गुन्हा, त्याला आजाराची पळवाट नाही. उलट असंही असतं, की गुन्हा करणाऱ्या प्रत्येकात ही ओढ असतेच असं नाही, कोणी दारूत करतो, कोणी नुसत्या सत्तेच्या माजात.

मी म्हटलं, म्हणजे नुसती ओढ असलेला माणूसही तुमच्याकडे येतो? औषधाला? माझा आवाज चढला होता. असल्यांना खुर्चीवर बसवता तुम्ही?

“बसवते,” मॅडम म्हणाल्या. “हात लावायच्या पहिले आला तर एक लेकरू वाचते, काकू. और किसी बच्चे को कुछ हुआ है ऐसा कळलं, तर मी गप्प बसत नाही. पोलिसांना सांगावंच लागते, कायदाच आहे.”

कुठून सुचलं कोण जाणे, मी आजीचं विचारलं. माझी आजी तेराव्या वर्षी नांदायला गेली, आजोबा चांगले मिशा फुटलेले बाप्ये. मग ते कोणत्या रकान्यात? मॅडम म्हणाल्या, ते बहुतेक कुठल्याच आजारात बसणार नाहीत. तेव्हा सारं गावच तसं करत होतं. प्रत्येक वाईट गोष्ट आजार नसते, काही गोष्टी नुसत्याच चूक असतात. आजोबांच्या फोटोला मी अजून हार घालते.

आणि माझा मुलगा?

त्यानं मोबाइलवर वाचलं होतं की ‘त्रास होत असेल तर आजार’, आणि त्याला तर रात्रंदिवस त्रास, म्हणून तो आपणहून त्या रकान्यात जाऊन बसला होता. मॅडम म्हणाल्या, त्या रकान्यातल्या माणसाला ओढ असते आणि ओढीचा त्रास असतो. याला ओढच नाही. याला विचाराची किळस आहे, भीती आहे. नको असताना येणारा विचार, मग तपासणं, टाळणं, पुन्हा पुन्हा खात्री मागणं. हात दहा दहा वेळा धुणारा माणूस असतो ना, त्याच घराण्यातला हा आजार. मंत्रचळ. आणि हा आजार नेमका तिथंच चावतो जिथं माणसाचं सगळ्यात जास्त प्रेम असतं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पण समाधान कुठलं! बसस्टॉपपर्यंत आले आणि परत फिरले. दारातून विचारलं, मॅडम, नक्की ना, तो तसा नाही ना? नाही, म्हणाल्या. घरी येऊन फोनवर विचारलं. दोन दिवसांनी पुन्हा लावला. तेव्हा त्या म्हणाल्या, “काकू, आता तुम्हीबी तेच करून राहिल्या. किती वेळा नाही म्हटलं तर पुरेल?”

सुनेला सांगणं भाग होतं. अंधारात ठेवून तिला घरी आणायची माझी छाती झाली नाही. मी व्याह्यांच्या घरी गेले, तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पोरीला उचललं आणि आत जाऊन दाराला कडी लावली. मला अजिबात राग आला नाही. मीही तेच केलं असतं. आठवडाभर तिचा फोन नाही. मग आला तो एवढ्यासाठी, की तिला मॅडमना स्वतः भेटायचं होतं, माझ्याशिवाय आणि नवऱ्याशिवाय. त्या भेटीत काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही. संक्रांतीच्या आधी ती पोरीला घेऊन आपल्या पायानं घरी आली. व्याह्यांना तिनं आजार आहे एवढंच सांगितलं. मंडईच्या दिवशी पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली होती ते आठवून ते माझ्यापाशी रडले.

मॅडमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या. पण खरा उपाय मॅडमचा, आणि तो ऐकून मी म्हटलं होतं, तुम्हाला लेकरंबाळं आहेत की नाही? त्यानं पोरीपासून पळायचं नाही. विचार आला तर येऊ द्यायचा, आणि काम करत राहायचं. थोडं थोडं वाढवत न्यायचं. आधी शेजारी बसायचं, मग घ्यायचं, मग एकट्यानं. आणि आम्ही घरच्यांनी त्याला उत्तर द्यायचं नाही. मी तसा नाही ना, असं त्यानं विचारलं की गप्प राहायचं. ‘नाही रे बाबू’ म्हटलं की त्याला तासभर बरं वाटतं आणि आजार पोसतो.

आईला हे सांगणं सोपं आहे. करून पाहावं.

परवाची गोष्ट. सून मळणीच्या मजुरांचा चहा घेऊन गेली होती. मी चुलीपाशी, मुलगा पडवीत पोरीला घेऊन बसलेला. घरात तिसरं कोणी नाही. पोरगी रडायला लागली. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला.

“माय, हिनं ओलं केलं.”

मी वळून पाहिलं. तो तिला जमेल तेवढी लांब धरून उभा. कपाळावर घाम. मला माहीत होतं तो पुढे काय विचारणार, आणि त्यानं विचारलंच. “माय, मी तसा नाही ना?”

उत्तर माझ्या ओठांवर होतं. त्याच्याइतकंच मलाही ते मोठ्यानं ऐकायचं होतं. मी उठून जाऊन पोरगी घेऊ शकत होते, पाच पावलांवर तर होती.

“मग बदल,” मी म्हटलं. “फडकी दोरीवर आहेत.”

आणि त्यांच्याकडे पाठ करून मी वरण ढवळत राहिले.