तळातलं पाणी

आमच्या ह्यांचा जन्म गेला लाकडी होड्या बांधण्यात आणि उरलेला वेळ नव्या होड्यांना नावं ठेवण्यात. दुसऱ्या कामात तर ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. कारखान्यातून फायबरची पांढरी यॉट पाण्यात उतरली, की हे धक्क्यावर उभे राहून तोंड वाकडं करणार. साच्यातून काढलेली बादली म्हणे. लाकूड कसं, रुसतं, फुगतं, कुरकुरतं, जिवंत असतं. घरात बायकोही ही सगळी कामं करते, तिचं कधी एवढं कौतुक झालेलं मला आठवत नाही.

आणि नशीब बघा, लेक नेमकी त्याच कारखान्यात यॉटची डिझाइनं करायला लागली. पहिली यॉट पूर्ण तिच्या मनासारखी झाली तेव्हा मालकापासून सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पण हिचं समाधान कसलं होतंय? बाबांनी एकदा 'चांगली आहे' म्हणावं, एवढंच धरून बसली. हट्टाच्या बाबतीत बापावरच गेलीय.

शेवटी चाचणीच्या फेरीला मी ह्यांना जवळजवळ ओढतच नेलं. चढल्या चढल्या तपासणी सुरू. दार लोटून पाहिलं, तर बिनआवाजाचं लागलं. कपाटाची कड चाचपली, बोटात कुसळ जाईना. इंजिन चालू झालं तरी हे विचारतात, चालू कधी करणार? ह्यांच्या होडीत शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागायचं, आणि डिझेलचा वास चार दिवस केसांतून जायचा नाही. लेक मागे मागे, नुसती नखं खात होती.

समुद्रात जरा आत गेलो आणि हे सवयीने उठले, बाह्या सरसावल्या. लाकडी होडीत फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपायचंच, थोड्या थोड्या वेळाने तळ उपसावा लागायचा. ते ह्यांच्या अंगात इतकं मुरलंय की विचारायचीही गरज वाटली नाही. तळाचं झाकण उचलून खाली हात घातला, तर बोटांना धूळ लागली. बराच वेळ तसेच ओणवे राहिले. मला हसू फुटत होतं, पण चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं.

"यात मला करायला काही ठेवलंच नाहीस गं," लेकीला म्हणाले.

ती म्हणाली, "लहानपणी आपण फिरायला जायचो ना बाबा, तेव्हा तुम्ही सगळा वेळ खाली पाणी उपसत असायचात. मला तुमची फक्त पाठ आठवते."

ह्यांनी हात पँटला पुसले, वर आले आणि तिच्या शेजारी बसले. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. दोघं समुद्र बघत होते.

धक्का जवळ आला तशी लेकीची उलघाल सुरू झाली, कारण 'चांगली' हा शब्द अजून बाहेर पडला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो. दोर बांधून झाला, मी पिशवी उचलली, आणि हे मात्र जागचे हलेनात.

"अजून एक फेरी मारता येईल का?" त्यांनी तिला विचारलं.