सर्वानुमते

दोन वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास मी एका बैठकीच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिला. निर्णय सर्वानुमते झालेला नव्हता. बैठकीत आम्ही तिघे होतो आणि त्यांतल्या एकीचा शेवटपर्यंत विरोध होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – घरी नाही, जुन्या सहकाऱ्यांत नाही. तुम्हाला सांगतो आहे.

बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर आमची संस्था आहे. कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम इथे शिकवतात – सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मुलंमुली बहुतेक बाहेरगावची. प्रमाणपत्र हातात आलं की हिंजवडीची कंपनीची बस पकडायची, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. मी समन्वयक. त्याआधी चौदा वर्षं एका वर्तमानपत्रात होतो. त्यामुळे संस्थेत काहीही कागदावर उतरवायचं असलं की माझ्याकडे येतं. पेपरातला माणूस, अचूक लिहितो – असा समज आहे. तो मी कधी खोडला नाही.

मुख्य प्रशिक्षक होत्या मेश्राम मॅडम. मूळच्या नागपूरच्या. त्यांची शिकवण्याची एक रीत होती. शेवटच्या आठवड्यात एके दिवशी, वर्ग भरायच्या आधीच, त्या प्रत्येकाच्या सरावाच्या सर्व्हरवरचं सगळं पुसून टाकायच्या. आगाऊ सूचना नाही. मुलं आली की शांतपणे सांगायच्या, ‘गेलं सगळं. बॅकअप घेतलाय ना? आणा परत.’ पुढचे दोन दिवस वर्गात कुणी कुणाशी धड बोलत नसे. काही मुली चक्क रडायच्या. पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे सर्व्हर उभे असत.

बैठक त्या दोन दिवसांबद्दलच होती. नव्या बॅचला काय शिकवायचं आणि काय गाळायचं? संचालकांना ते दोन दिवस सराव परीक्षांसाठी हवे होते. परीक्षेत या भागावर एखादा प्रश्न येतो, तोही चार पर्यायांतून निवडायचा, असं त्यांचं म्हणणं. मॅडम जवळजवळ तासभर वाद घालत होत्या. परत आणता येत नसेल तर तो बॅकअप नव्हे, नुसती मनाची समजूत, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. संचालक म्हणाले, ‘मॅडम, आपण क्लास चालवतो. फायर ब्रिगेड नाही.’ मी हे सगळं वहीत शब्दशः टिपून घेत होतो. जुनी सवय.

मॅडम वर्गावर गेल्या. संचालक दारात थांबून मला म्हणाले, ‘अहो, सर्वानुमते लिहून टाका. वाद कागदावर कशाला? पुढच्या बॅचला घेऊच की.’

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला का? नाही. घाबरलो का? तेही नीटसं खरं नाही – नोकरी जाईल असं कुणी सुचवलंही नव्हतं. मला तो शब्द लिहिणं सोपं वाटलं. एवढंच.

आणि त्या शब्दाने काय होतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. वर्तमानपत्राने मला काढलं, तेव्हा कागदावर ‘स्वेच्छेने राजीनामा’ असं होतं. तो कागद तयार करणारा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आम्ही रोज एकत्र डबा खायचो. ते वाक्य मी कितीतरी महिने विसरू शकलो नव्हतो.

संध्याकाळी इतिवृत्त घेऊन मॅडमकडे गेलो. त्या वर्ग सुटल्यावर फळा पुसत होत्या. त्यांनी खडूच्या हातानेच सही केली. वाचलं नाही. ‘तुम्ही लिहिलंय ना,’ म्हणाल्या, ‘मग काय बघायचं.’

ते दोन दिवस गाळलेल्या त्या नव्या बॅचमध्ये वाशीमची वैशाली होती. परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले, हिंजवडीत नोकरीही लागली. तिसऱ्या महिन्यात कंपनीच्या एका सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप होता. नवी डिस्क बसवली आणि बॅकअपमधून माहिती परत आणायचं काम तिच्याकडे आलं. तिने संगणकाला आज्ञा देताना माहिती कुठून घ्यायची आणि कुठे उतरवायची यांची अदलाबदल केली. रिकाम्या डिस्कवरचं रिकामपण बॅकअपवर उतरलं, आणि होता तोही पुसला गेला. मॅडमच्या वर्गात दर बॅचला दोघं-तिघं नेमकं हेच करायचे – पहिल्या दिवशी, सरावाच्या सर्व्हरवर, जिथे मॅडमकडे जादा प्रत असे. वैशालीला कामावरून काढलं.

ती संस्थेत आली. आम्ही तिघेही ऑफिसात होतो. आवाज न चढवता तिने मॅडमना विचारलं, आधीच्या बॅचला शिकवलं होतं, मग आम्हालाच का नाही? मॅडम संचालकांकडे पाहू लागल्या. संचालकांनी कपाटातून फाइल काढून पान उघडलं. ‘सर्वानुमते ठरलंय. मॅडमची सही आहे.’

मॅडमनी ते पान पहिल्यांदा वाचलं. मग मला विचारलं, ‘हे तुम्ही लिहिलंत?’

वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘बैठकीत जे ठरलं ते लिहिलं.’

मॅडमनी नजर पुन्हा त्या पानावर नेली. बोलली ती वैशाली – ‘मला वाटलं होतं मॅडम, तुम्ही तरी नाही म्हणाला असाल.’

त्या म्हणाल्या होत्या. तासभर. खोलीतल्या तिघांना ते माहीत होतं आणि चौथीला नव्हतं. मॅडमनी फाइल मिटून टेबलावर ठेवली. ‘सही माझीच आहे,’ एवढंच म्हणाल्या. त्यांनी तेव्हा माझं नाव का घेतलं नाही, हे मला आजही माहीत नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही – की विचारायचंच नव्हतं?

मॅडमनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. दोन ओळींचा. कारण लिहिलं नव्हतं. वैशाली वाशीमला परत गेल्याचं तिच्या बॅचमधल्या एकीने सांगितलं. त्यापुढचं मला माहीत नाही.

दोनतीन कंपन्यांनी तक्रार केल्यावर संचालकांनी ते प्रात्यक्षिक पुन्हा सुरू केलं. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तिका छापून आली आहे. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस – सर्व्हर पूर्ण पुसणे व बॅकअपमधून परत उभा करणे, विद्यार्थ्यांना पूर्वसूचना न देता. पानाच्या तळाशी ‘संकल्पना व रचना’ असं लिहून पुढे माझं नाव आहे. मजकूर मीच टाइप केला.